सांशियन बेटावरील रितें थडगें

जुन्या गोव्यास जाऊन संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचें दर्शन घेऊन आलेलें एखादें तरी वडीलधारें माणूस आपल्या बहुतेक घरांत सांपडेल. दर दहा वर्षांनीं बॉम जेझुस मंदिरांतील ती पेटी उंचावरून खालीं उतरते, समोरच्या से कॅथेड्रलांत नेली जाते, आणि देशोदेशींचा जनसमुदाय तिच्यापुढून हात जोडून सरकत राहतो. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळांत झालेला सोहळा पुष्कळांच्या डोळ्यांसमोर अद्यापि ताजा असेल. परंतु ज्या मातींत तो देह प्रथम ठेविला गेला, तिची आठवण त्या गर्दींत क्वचितच कोणास होते. ती माती चीन देशाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या एका डोंगराळ बेटाची आहे. त्या ठिकाणीं आज एक लहानसें चॅपल उभें आहे. चॅपलांत थडगें आहे, आणि थडग्यांत कोणी नाहीं.

जुबिलीच्या स्मरणिकेंत काय छापावें याची रीत ठरलेली असते. कोणत्या सालीं कोनशिला बसली, कोणत्या पाद्र्यांनीं घंटा आणविली, बाप्तिस्मे किती झाले, शाळेंत मुलें किती. हा हिशेब अवश्य मांडावा. वाडवडिलांच्या श्रमाची ती पावती आहे. तथापि सांशियनच्या त्या चॅपलाजवळ मांडावयास असा आंकडा नाहीं. चीनच्या मुख्य भूमीवर जाऊन सुवार्ता सांगावी या एकाच हेतूनें संत तेथें गेले, आणि तो हेतु सिद्धीस जाण्यापूर्वीं ते निवर्तले. जें घडलें नाहीं त्याचें स्मारक ख्रिस्तसभेनें पुनःपुन्हां कां उभारिलें, हें समजून घेण्यासारखें आहे. आणि त्यासाठीं मनानें तरी त्या बेटाची यात्रा केली पाहिजे.

शांगच्वान हें बेटाचें चिनी नांव. पोर्तुगीज खलाशांच्या तोंडीं त्याचें सांशांव झालें, आणि चरित्रकारांनीं सांशियन केलें. आपल्याकडे हेंच शेवटलें नांव अधिक परिचित आहे. क्वांगतुंग प्रांतांतील ताईशानच्या किनाऱ्यासमोर, सुमारें चौदा किलोमीटर समुद्र ओलांडल्यावर तें लागतें. शेजारीं श्याच्वान नांवाचें त्याचें धाकटें भावंड आहे. आज तेथें जाणारे बहुतेक लोक चिनी प्रवासी असतात, आणि त्यांची ओढ पूर्वेकडील लांबलचक पुळणीवरील समुद्रस्नानाकडे असते. यात्रेकरूनें मात्र बेटाच्या दुसऱ्या अंगास, सान्चौ बंदराच्या बाजूस वळावें. तेथें टेकडीच्या उतारावर, समुद्राकडे तोंड करून, टोकदार कमानींचें व पुढें मनोरा असलेलें तें चॅपल दिसतें. आपल्याकडील मोठ्या देवळांच्या मानानें तें फारच लहान आहे. वसईच्या किल्ल्यांतील पडक्या देवळांच्या भिंती ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस तें एखाद्या बाजूच्या वेदीएवढेंच वाटेल.

चॅपलापासून जवळच किनाऱ्यावर एक जागा आहे. तिला तेथील लोक ह्वावानपिंग, म्हणजे नक्षीच्या वाडग्यांचें मैदान, असें म्हणतात. तेथल्या मातींत निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांच्या खापऱ्या विपुल मिळतात. त्या मिंग घराण्याच्या काळांतील, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील आहेत, असें पुराणवस्तुसंशोधकांनीं ठरविलें आहे. धर्मदूताच्या थडग्याशेजारीं फुटक्या वाडग्यांचा ढीग कां असावा, याचें उत्तर त्या काळच्या व्यापारांत आहे. १५२१ व १५२२ या सालीं पोर्तुगीज आणि चिनी गलबतांच्या चकमकी झाल्यावर चीनच्या सरकारानें पोर्तुगीजांस कँटनचीं दारें बंद केलीं. कायदा कडक होता, पण रेशीम आणि भांडीं यांचा मोह त्याहून कडक. तेव्हां दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांनीं सरकारी डोळ्यापासून दूर अशा या बेटावर गुपचुप बाजार भरविण्यास आरंभ केला. गलबतें आलीं कीं किनाऱ्यावर चटयांच्या व फांद्यांच्या झोपड्या उठत. गलबतें निघालीं कीं त्या जाळून टाकीत, कारण कायमची वस्ती करण्यास मनाई होती. वाटेंत फुटलेला माल तेथेंच टाकून देत. अशा बेकायदेशीर जत्रेंत पोपमहाशयांचा प्रतिनिधि येऊन राहिला, ही गोष्ट भाविक चरित्रांत थोडी झांकून ठेविलेली असते. मला ती झांकण्याजोगी वाटत नाहीं. चीनला जाण्याची दुसरी वाटच त्या वेळीं नव्हती.

चीनचा ध्यास संतांस लागला तो जपानांत. १५ ऑगस्ट १५४९ रोजीं ते कागोशिमा येथें उतरले, आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशांत हिंडले. विशेषतः यामागुची नगरांत बौद्ध भिक्षूंशीं व विद्वानांशीं त्यांचे पुष्कळ वाद झाले. जपानी लोकांची एक शंका त्यांच्या मनांत रुतून बसली: तुम्ही सांगतां तो धर्म जर खरा, तर शहाण्या चिनी लोकांस तो ठाऊक कसा नाहीं? विद्या, लिपी, शास्त्रें, सर्व कांहीं चीनकडून घेतलेल्या त्या राष्ट्राचा हा प्रश्न अगदीं स्वाभाविक होता. चीननें सुवार्ता स्वीकारिली तर जपान आपोआप स्वीकारील, असा निष्कर्ष संतांनीं काढिला. याच जपानी मुक्कामांत त्यांनीं आणखी एक धडा घेतला होता. अन्जिरो नांवाच्या दुभाष्याच्या भरंवशावर परमेश्वरास ते 'दाईनिची' म्हणूं लागले होते. ती एका बौद्ध पंथाची संज्ञा आहे असें कळतांच तो शब्द त्यांनीं टाकून दिला. परक्या देशांत जाणाऱ्याचें सगळें काम दुभाष्याच्या जिभेवर लोंबकळत असतें, हें त्यांस पुरतें उमगलें होतें. सांशियनच्या कथेंत याच गोष्टीस पुढें मोठें महत्त्व येणार आहे.

१५५२ च्या आरंभीं ते हिंदुस्थानांत परत आले, आणि एप्रिल महिन्यांत गोव्याहून पुन्हां निघाले. चीनच्या बादशहाकडे पोर्तुगीज वकिलात न्यावी, वकील म्हणून दियोगु परेरा या श्रीमंत व्यापाऱ्यानें जावें, आणि त्याच्या सोबतीनें आपण राजरोसपणें आंत शिरावें, अशी त्यांची योजना होती. परेरा हा त्यांचा जिवलग मित्र. गलबत त्याचें, खर्चही त्याचा. गलबताचें नांव सांता क्रूझ, म्हणजे पवित्र क्रूस. परंतु मलाक्यास पोंचतांच सर्व बेत फसला. तेथील कप्तान आल्व्हारो द आताइद, जो वास्को द गामाचा मुलगा होता, त्यानें परेरास पुढें जाण्यास परवानगी दिली नाहीं. आपण पोपमहाशयांचे प्रतिनिधि आहों हें संतांनीं आजवर कधीं मिरविलें नव्हतें. त्या वेळीं तो अधिकार त्यांनीं उघड केला. त्याचा उपयोग झाला नाहीं. वकिलात तेथेंच बुडाली. गलबत मात्र व्यापारासाठीं सोडण्यांत आलें आणि संत त्यांतून वकिलाशिवाय, नजराण्यांशिवाय, बहुधा आशेशिवायही, पुढें गेले.

आताइदाविषयीं संतांचीं त्यानंतरचीं पत्रें कडक आहेत. त्यास बहिष्कृत केल्याचें जाहीर करा, असा आग्रह त्यांनीं सांशियनहून धरिला. त्यांच्या स्वभावांत हा कठोरपणा होता आणि चरित्र वाचतांना तो दृष्टीआड करूं नये. याच लेखणीनें १५४६ च्या मे महिन्यांत पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठीं इन्क्विझिशनची मागणी केली होती. तें न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १५६० सालीं स्थापन झालें, आणि त्याच्या हातून पुढें जें झालें त्याचें समर्थन आज कोणी विचारी ख्रिस्ती माणूस करणार नाहीं. त्यांच्या हातून झालेल्या बाप्तिस्म्यांचे आंकडेही भक्तीच्या भरांत लाखांवर गेले. हल्लींचे अभ्यासक ते सुमारें तीस हजार धरितात. संतांस मोठें करण्यासाठीं वाढवून सांगण्याची गरज नाहीं. सांशियनवर तर वाढविण्यासारखें कांहीं नाहींच.

ऑगस्टच्या अखेरीस सांता क्रूझ बेटास लागलें. संतांबरोबर तिघेजण होते: येशूसंघांत नव्यानें आलेला आल्व्हारो फेरेइरा, अंतोनियो नांवाचा एक चिनी तरुण, आणि क्रिस्तोव्हांव नांवाचा मलबारी सेवक. फांद्या व गवत यांचें एक प्रार्थनास्थान उभें राहिलें, आणि त्यांत मिस्सा होऊं लागली. संत व्यापाऱ्यांच्या कबुल्या ऐकत, आजाऱ्यांची विचारपूस करीत, आणि उरलेला सर्व वेळ कँटनला नेणारा माणूस शोधीत. कोणी धजेना. पकडले गेलों तर डोकें जाईल, हें प्रत्येक चिनी नाखव्यास ठाऊक होतें. पोर्तुगीज व्यापारीही मनांतून नाखूष होते; कारण या पाद्र्याच्या साहसाचा राग सरकार आपल्या मालावर काढील, अशी त्यांस धास्ती होती.

शेवटीं एक चिनी व्यापारी कबूल झाला. मोबदला ठरला दोनशें क्रूझादोंच्या किंमतीची मिरी. आपल्या नोकरांच्या कानावरही गोष्ट जाऊं नये म्हणून केवळ स्वतःच्या मुलांस व विश्वासू माणसांस होडीवर घ्यावें, कँटनमध्यें आपल्या घरीं संतांस तीन-चार दिवस लपवावें, आणि मग एके दिवशीं पहांटे त्यांच्या पुस्तकांसह नगराच्या वेशीपाशीं सोडून द्यावें, असें त्यानें मान्य केलें. तेथून संत थेट सुभेदाराकडे जाणार होते. यांत दोन धोके आहेत असें त्यांनीं पत्रांत शांतपणें नमूद केलें आहे: मिरी पदरांत पडल्यावर हा मनुष्य आपणांस वाटेंत समुद्रांत फेंकून देईल, हा पहिला, आणि कँटनला पोंचल्यावर सुभेदार आपणांस हाल करून तुरुंगांत टाकील, हा दुसरा. परंतु परमेश्वराच्या दयेवरचा भरंवसा सुटणें हा याहून मोठा धोका होय, असेंही ते तेथेंच म्हणतात. कँटनच्या तुरुंगांत तेव्हां कांहीं पोर्तुगीज कैदी खितपत पडले होते. त्यांना भेटण्याची इच्छाही त्यांच्या मनांत होती. हा मनुष्य न आला तर सयामास जावें, आणि तेथील राजाच्या वकिलातीबरोबर पुढल्या वर्षीं कँटन गांठावें, असा दुसरा बेतही त्यांनीं आंखून ठेविला होता. सेहेचाळीस वर्षांचा, केस पांढरे झालेला, थकलेला हा पुरुष अखेरच्या आठवड्यांत पुढल्या वर्षाचे बेत करीत होता. मला तर या पत्रांपुढें चमत्कारांच्या कथा फिक्या वाटतात.

दरम्यान आसपासची माणसें गळत चाललीं. ठरलेला दुभाषी घाबरून निघून गेला. फेरेइराचा धीर सुटला, तेव्हां संतांनीं त्यास संघांतून मोकळें केलें. बाजाराचा हंगाम सरला, झोपड्या पेटल्या, गलबतें एकामागून एक निघून गेलीं. नोव्हेंबरचे पहिले पंधरा दिवस गेले, तरी मिरी घेणाऱ्या व्यापाऱ्याची होडी दिसेना. ती कधींच आली नाहीं.

उरले अंतोनियो आणि क्रिस्तोव्हांव. यांपैकीं अंतोनियोविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. कारण संतांच्या अखेरच्या दिवसांसंबंधीं आपणांस जें कांहीं खात्रीनें ठाऊक आहे, तें जवळजवळ सर्व त्याच्यामुळें. हा जन्मानें चिनी. गोव्यास संत पावलाच्या विद्यालयांत, ज्यास सांता फे असेंही म्हणत, तो कित्येक वर्षें शिकला होता, आणि त्यावरून त्याचें नांव अंतोनियो द सांता फे असें पडलें. संतांनीं त्यास दुभाषी म्हणून आणिलें खरें, पण गोव्यांतील इतक्या वर्षांनीं तो आपली मातृभाषा बरीचशी विसरून गेला होता. जपानांत ज्या अडचणीनें संतांस ठेंच लागली होती, ती येथें पुन्हां आडवी आली. लॅटिन शिकविलें, पोर्तुगीज शिकविलें, आणि त्या भरांत मुलाची स्वतःची वाणी हरवली: आपल्या शाळांविषयीं विचार करणाऱ्यांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवावा. तथापि दुभाषेपणांत उणा पडलेला हा तरुण सोबतींत उणा पडला नाहीं. ठरलेला दुभाषी पळाल्यावर, तुरुंग असो कीं मरण असो, मी बरोबर येतों, असें म्हणणारा तोच.

२१ नोव्हेंबर रोजीं संतांस ताप भरला. त्यांस गलबतावर नेण्यांत आलें, पण लाटांच्या हेलकाव्यांनीं त्यांचे हाल वाढले, म्हणून दुसऱ्या दिवशीं पुन्हां किनाऱ्यावर आणिलें. एका पोर्तुगीजानें त्यांस आपल्या झोपडींत घेतलें. त्या काळच्या समजुतीप्रमाणें त्यांचें रक्त काढण्यांत आलें. त्यानें ते मूर्च्छित पडले. पुन्हां रक्त काढिलें, पुन्हां मूर्च्छा आली. अन्न पोटांत ठरेना. मग वात झाला. डोळे आकाशाकडे लावून ते मोठ्यानें बोलत राहिले. त्यांतील कांहीं प्रार्थना अंतोनियोस समजल्या. येशूची, दावीदाच्या पुत्राची, दयेसाठीं करुणा भाकणारे शब्द पुनःपुन्हां येत होते. कांहीं बोलणें मात्र अशा भाषेंत होतें कीं ती त्यास मुळींच कळली नाहीं. नव्हार प्रांतांत ज्या बास्क भाषेंत त्यांनीं आईच्या मांडीवर पहिले शब्द उच्चारिले, तीच ती असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पॅरिसची विद्या, दरबारची पोर्तुगीज, परवरांच्या किनाऱ्यावर घोकलेली तामीळ, जपानी प्रश्नोत्तरें, सगळें मागें पडलें आणि बालपणची बोली तेवढी उरली. शेजारीं बसलेला, स्वतःची बोली हरवलेला चिनी तरुण ती ऐकत होता.

शनिवार, ३ डिसेंबर १५५२ रोजीं पहांट फुटण्यापूर्वीं, अंतोनियोनें हातांत दिलेल्या जळत्या मेणबत्तीच्या उजेडांत त्यांनीं प्राण सोडिला.

चित्रकारांनीं हा देखावा फार रंगविला आहे. उघड्या झोपडींत गवतावर पहुडलेले संत, छातीवर क्रूस, दृष्टि क्षितिजावरील चीनच्या किनाऱ्याकडे, वर देवदूत. अशीं चित्रें आपल्या घरांतूनही टांगलेलीं असतात आणि तीं काढून टाकावीं असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु अंतोनियोची साक्ष त्या चित्रांहून अधिक हृदयद्रावक आहे. तो सांगतो कीं थंडी कडाक्याची होती, म्हणून बहुतेक लोक गलबतावरच राहिले. दफनास स्वतः तो, एक पोर्तुगीज, आणि दोन मिश्रवर्णी सेवक इतकेच हजर होते. ज्यांच्या देहासमोरून आज लाखों माणसें जातात, त्यांच्या दफनास चार माणसें. त्यांतही पाद्री एकही नव्हता, हें ध्यानांत घ्यावें.

पेटी चिनी पद्धतीची केली. देहाच्या खालीं-वर चुना घातला. चुन्यानें मांस लवकर झडावें आणि गलबत परतेल तेव्हां अस्थि हिंदुस्थानांत नेतां याव्या, हा त्यांतला हिशेब. १७ फेब्रुवारी १५५३ रोजीं, परत निघण्याच्या सुमारास, खड्डा उकरून पाहतात तों चुना जसाच्या तसा आणि देहही जसाच्या तसा. त्याच पेटींतून तो मलाक्यास गेला. २२ मार्च १५५३ रोजीं तेथील संत पावलाच्या टेकडीवरील देवळांत त्याची पुन्हां मूठमाती झाली. पुढें परेरानें तो बाहेर काढवून आपल्या घरीं ठेविला. ज्या मित्रास आताइदानें जिवंतपणीं सोबत करूं दिली नाहीं, त्यास मरणानंतर हें भाग्य लाभलें. १५५४ च्या मार्च महिन्यांत देह गोव्यास पोंचला आणि नगर लोटलें. त्यानंतरचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे: २५ ऑक्टोबर १६१९ रोजीं धन्यवाद्यांत गणना, १२ मार्च १६२२ रोजीं संतपद, उजव्या हाताचा पुढला भाग १६१४ सालीं रोमला रवाना, आणि १६३७ सालापासून ती सुप्रसिद्ध रुप्याची पेटी.

येथें आपल्या भागाचा एक धागा जुळतो. १५४८ सालीं गव्हर्नर जुआंव द कास्त्रु यांच्या भेटीसाठीं संत वसईस येऊन गेले होते. त्याच वसईंत पुढें जन्मलेला, येशूसंघाच्या पाद्र्यांजवळ शिकलेला गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयांत जपानास गेला, फ्रान्सिस्कन बंधु झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर हुतात्मा झाला. १८६२ सालीं त्यास संतपद मिळालें. सांशियनच्या थडग्यावर गवत वाढत होतें, त्या काळांत ही वाट चालली जात होती. आणि चीनची वाट? संतांच्या मरणापूर्वीं दोन महिने, ६ ऑक्टोबर १५५२ रोजीं, इटलींत मातेओ रिची यांचा जन्म झाला होता. ते गोव्यास येऊन शिकले, कोचीन येथें पुरोहित झाले, आणि १५८३ सालीं मिकेले रुज्जिएरी यांच्यासह क्वांगतुंग प्रांतांत राजरोस राहूं लागले. चिनी भाषा त्यांनीं इतकी आत्मसात केली कीं त्या भाषेंत ग्रंथ लिहिले. सांशियनवर ज्याची उणीव पडली होती तें हेंच.

बेटावरील स्मारकाची कथा मात्र सरळ नाहीं. चीनच्या खान्शी बादशहानें १६९२ सालीं ख्रिस्ती धर्मास मोकळीक दिली. त्या शांततेच्या काळांत, १७०० सालीं, गास्पार कास्टनर या बव्हेरियन येशूसंघीयानें थडग्याच्या जागीं लहानसें चॅपल बांधिलें, आणि त्या बांधकामाची हकीकतही लॅटिनमध्यें लिहून ठेविली. १७२४ सालीं पुढल्या बादशहानें धर्मास बंदी केली; चॅपल ओस पडलें आणि काळांतरानें ढांसळलें. आज दिसणारी इमारत १८६९ सालची. कँटनमधील प्रचंड पाषाणी कॅथेड्रल बांधणारे फ्रेंच बिशप गियमँ यांनींच ती उभारिली. एकाच हातानें केलेलीं हीं दोन कामें पाहतां, कँटनच्या भव्य जुळ्या मनोऱ्यांपेक्षां बेटावरील हें ठेंगणें चॅपल मला त्यांच्या भक्तीची अधिक खरी खूण वाटते.

विसाव्या शतकांत अमेरिकेंतील मेरीनोल संघाच्या पाद्र्यांकडे हें बेट आलें. त्यांच्यापैकीं फादर रॉबर्ट केर्न्स तेथें कोळी व शेतकरी यांच्यांत राहत. १९४१ च्या डिसेंबरांत जपानी सैनिकांनीं त्यांस धरून नेलें. ते परत आले नाहींत, त्यांचा देहही मिळाला नाहीं. त्या बेटावर एकाचें थडगें आहे आणि देह नाहीं. दुसऱ्याचें थडगेंही नाहीं. १९४९ नंतर परदेशी मिशनरी गेले आणि चॅपल कित्येक वर्षें पूजेवांचून राहिलें. १९८० नंतरच्या दशकांत त्याची डागडुजी झाली, आणि तेव्हांपासून मकाव, हाँगकाँग व चीनमधील ख्रिस्ती जन तेथें यात्रेस जाऊं लागले.

या सर्वांहून जुना आहे तो थडग्यापाशींच्या शिळेवरील लेख. तो १६३९ सालचा. मकावच्या लोकांनीं येऊन, चॅपल नसतांना, नुसत्या जागेची खूण म्हणून शिळा उभी केली. एका बाजूस मजकूर पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूस चिनी. चिनी मजकुरांत संतांस पश्चिमेकडील साधुपुरुष म्हटलें आहे, आणि ज्याचिंग बादशहाच्या एकतिसाव्या वर्षीं हिंवाळ्यांत ते या जागेवरून स्वर्गास गेले, असें सांगितलें आहे. शिळा उभारणारांपैकीं कोणाचेंही नांव चिनी बाजूस दिलेलें नाहीं. वर्ष दिलें आहे, आणि सर्व मित्रांनीं मिळून ती उभारिली, एवढेंच लिहिलें आहे.